मी बाबांच्या वतीने दिलेलं उत्तर

डब्लिनमधल्या त्या खासगी दवाखान्यात तपासणीच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एक तज्ज्ञ डॉक्टरांची, एक माझी, एक बाबांची. डॉक्टर आत आले, हसले, बाबांशी हात मिळवला आणि आपली खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. शेवटपर्यंत ती तशीच राहिली. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट एवढा मोठा माणूस आपल्याशी बरोबरीने बोलतोय म्हणून मी खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते, शाळेत तपासणीला साहेब आले की बसायचे तशी. आज ती खुर्ची आठवली तरी माझे कान तापतात.

ही २०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा डब्लिनपासून तासाभरावरच्या मलिंगार या छोट्या शहरात राहत होतो. मी सकाळच्या गाडीने मेनूथला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जायचे, नवरा कारने क्लोनडॉकिनच्या ऑफिसला. मुलगी नुकती शाळेत रुळली होती आणि आमच्या मराठीला तिच्या आयरिश इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली होती. बाबा एप्रिलमध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबा गावी एकटे राहत होते. पुण्याहून दादा फोनवर म्हणाला होता, "बाबा विसरायला लागलेत. एकच गोष्ट चारदा विचारतात. तू त्या विषयातली आहेस, तिकडे नीट दाखव. मग ठरवू, गावी एकटं ठेवायचं की पुण्याच्या बाहेर ते वृद्धांसाठीचं सेंटर आहे, तिथे ठेवायचं."

बाबांना हे ठरवाठरवीचं कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं होतं. आल्या दिवसापासून ते रोज विचारायचे, "परतीचं तिकीट कवाचं हाय?" मी तारीख सांगायचे. "मंग मी माह्या घरी जाईन ना?" मी हो म्हणायचे आणि विषय बदलायचे.

मी त्या विषयातली होते हे खरं. ते कसं झालं हे सांगायचं तर बाबांपासूनच सुरुवात करावी लागते. बाबा नववी शिकलेले. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे ते चाळीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर आत पेशंट तपासायचे, चिठ्ठी लिहायचे, आणि ती चिठ्ठी एका लाकडी खिडकीतून बाबांकडे यायची. शाळा सुटली की मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसायचे. गुलाबी मिक्स्चर, पांढरं मिक्स्चर, खल, छोटा तराजू, कागदाच्या पुड्या. बाटलीवर बाबा कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचे, एक खाच म्हणजे एक डोस. त्या पट्ट्या कातरायचं काम माझं होतं. द्रावण म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय, हे मला शाळेच्या आधी तिथे कळलं.

बाबांचा एक नियम होता. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, बाटली देण्याआधी ते खिडकीतून वाकून पेशंटला विचारायचे, "आधीचं काही चालू हाय काय?" डॉक्टरांनी विचारलेलं असलं तरी विचारायचे. सोबत आलेला मुलगा किंवा सून मध्ये बोलली की हाताने थांबवायचे. "ज्याच्या पोटात जाणार हाय त्याले बोलू दे."

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. पुढे एम.एस्सी., पीएच.डी., शिष्यवृत्ती, परदेश. प्रत्येक पायरीवर कुणीतरी हात दिला आणि मी प्रत्येकाचे मनापासून आभार मानले. गणिताचे सर, वसतिगृहाच्या बाई, फॉर्मवर सही करणारे क्लार्क, सगळ्यांचे. आभार मानता मानता माझा कणा असा झाला की समोर मोठा माणूस दिसला की तो आपोआप वाकतो. त्याचा तोटा पुढे येईलच.

अल्झायमरबद्दल मला काय माहीत होतं तेही सांगते, म्हणजे माझ्या मूर्खपणाचं माप कळेल. या आजारात मेंदूच्या पेशींच्या बाहेर एका प्रथिनाचे तुकडे साचून चट्टे होतात, पेशींच्या आत दुसऱ्या प्रथिनाचे पीळ बसतात, आणि पेशी मरत जातात. का आणि कुठून सुरुवात होते यावर माझ्या क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षं भांडत आहेत आणि नवी औषधं एकामागून एक नापास होत आहेत. माझं काम त्या भांडणाच्या एका कोपऱ्यात होतं. मरणाऱ्या पेशींमध्ये पुष्कळशा अशा असतात ज्या अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून पुढच्या पेशीला निरोप देतात. आठवण बसायला, लक्ष टिकायला हा निरोप लागतो. निरोप पोचला की एक एन्झाइम येऊन ते रसायन मोडून टाकतं. आजारात रसायन कमी पडतं, म्हणून त्या एन्झाइमला आवर घालणारी गोळी देतात. आजार त्याने थांबत नाही, उरलेलं जरा जास्त वेळ पुरतं एवढंच. मी वेगवेगळ्या वनस्पतींचे अर्क घेऊन ते एन्झाइम किती थांबतं ते मोजत असे. एन्झाइम चालू असेल तर प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत पिवळा रंग येतो, थांबलं तर येत नाही.

बाबा आल्यावर एका शनिवारी मी त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. त्यांनी प्लेट उजेडात धरून पाहिली.

"हे कोणतं मिक्स्चर?"

मी सांगितलं. आपल्या दवाखान्याच्या खिडकीचं उदाहरण देऊन सांगितलं. डॉक्टर चिठ्ठ्या सोडतात, तुम्ही खिडकीतून घेता. आता डॉक्टर म्हातारे झालेत, चिठ्ठ्या कमी येतात. आणि एक झाडूवाला आहे, तो चिठ्ठी तुम्ही वाचायच्या आत उंबऱ्यावरून झाडून नेतो.

बाबांनी प्लेट खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे तू झाडूवाल्याले रजा देऊन राहिली."

"हो."

"त्याचा पगार?"

माझ्या शेजारच्या टेबलावरची आयरिश मुलगी आम्ही का हसतोय म्हणून बघायला लागली. आजारी माणसाचा हा विनोद होता. मी तेव्हाच समजायला हवं होतं की या माणसाला अजून बरंच कळतं.

बाबांचा औषधांचा पत्र्याचा डबा होता. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "बाबा, गोळ्यांचं मी बघू का?"

"तू?" ते म्हणाले. "मले शिकवते?"

मला बरं वाटलं. त्यांच्यातला कंपाउंडर शाबूत आहे असं वाटलं. चाळीस वर्षं गावाला औषध देणाऱ्या माणसाचा डबा उघडून बघणं हा त्यांचा अपमान झाला असता. परदेशी राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरी आईवडील येतात तेव्हा तीन महिन्यांच्या गोळ्या बॅगेत घेऊनच येतात, कारण इथला डॉक्टर महाग. मुलं मोठ्या कंपन्यांत, मोठ्या इस्पितळांत कामाला असतात, पण ती पिशवी कुणी उघडत नाही. मान राखतो म्हणे आम्ही.

तर त्या खोलीत डॉक्टरांनी प्रश्न विचारले आणि मी मराठीत सांगत गेले. आज वार कोणता. शंभरातून सात वजा करत जा. घड्याळ काढा. बाबांनी गोल नीट काढला आणि आकडे सगळे एका बाजूला दाटीने बसवले. इथले पंतप्रधान कोण, हा प्रश्न डॉक्टरांनीच हसून सोडून दिला. बाबा मला म्हणाले, "त्याले आपला आमदार विचार म्हणा." मी ते भाषांतर केलं नाही. पाहुण्यांसमोर घरचं माणूस काही बोललं की आपण जसं झाकतो, तसं झाकलं.

शेवटी डॉक्टरांनी मला विचारलं, "ते आणखी काही औषधं घेतात का? दुकानातून आणलेली वगैरे?"

'टॅब्लेट' हा शब्द बाबांना कळतो. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. ते म्हणाले, "ते आपलं नेहमीचं हाय."

आणि मी डॉक्टरांना म्हणाले, "नाही. रक्तदाबाची एक, बाकी काही नाही."

हे वाक्य मी गेली तीन वर्षं रोज ऐकते. बाबांचं बोलणं मला ऐकू आलं होतं. त्यांचा हात खिशाकडे जाताना मला दिसला होता. पण आमच्या घरात माणसं मनाने गोळ्या घेतात हे त्या डॉक्टरांना कळावं असं मला वाटत नव्हतं. त्यांनी आधीच्या रुग्णाची वेळ थोडी कमी करून आम्हाला घेतलं होतं, त्याचे आभार मानायचे होते, आणखी पाच मिनिटं खायची नव्हती. मी सुशिक्षित घरातली मुलगी दिसत होते आणि मला तसंच दिसत राहायचं होतं. म्हणून मी बाबांच्या वतीने उत्तर दिलं. डॉक्टर "ग्रँड" म्हणाले, इकडे 'छान, झालं' म्हणायला हाच शब्द, आणि त्यांनी कागदावर खूण केली.

रक्त, स्कॅन सगळं झालं. अल्झायमरची सुरुवात आहे, असं निदान झालं. एन्झाइम थांबवणारी गोळी सुरू झाली. ती रोज रात्री मी स्वतःच्या हाताने बाबांना द्यायचे. ज्या रेणूची नक्कल मी प्लेटमध्ये शोधत होते तो माझ्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या पेल्याशेजारी होता. मला त्याचा अभिमान वाटायचा. वडिलांसाठी काहीतरी करता आलं, असं.

आणि बाबा खालावत गेले. मलिंगारच्या बाहेर गवत कापायला सुरुवात झाली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते ओळखू येईनात. दुपारी सोफ्यावर झोपून जायचे आणि उठले की घाबरून आईला हाका मारायचे. जिना उतरताना भिंत चाचपायचे. मुलीला त्यांनी दोनदा माझ्या नावाने हाक मारली. जीभ कोरडी पडून शब्द चिकटायचे. परतीचं तिकीट विचारायचंही त्यांनी सोडून दिलं. मला ते सोयीचं वाटलं, हेही लिहून ठेवते.

या काळात मला जे ऐकावं लागलं त्यानेही माझं डोकं फिरायचं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणी बदाम सांगितले, कुणी ब्राह्मी. एक बाई घरी आल्या आणि बाबांच्या समोर, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता ते लहान मूलच झालेत हो. तसंच वागवायचं." बाबा तेव्हा इस्त्रीच्या दुकानाच्या जाहिरातीचा कागद घेऊन पुडी घालत होते. चार घड्या, एक टोक आत. पुडी अशी घट्ट की भुकटीचा कण बाहेर पडणार नाही. कुठलं लहान मूल अशी पुडी घालतं, हे मी त्या बाईंना विचारायला हवं होतं. मी त्यांना चहा दिला आणि आल्याबद्दल आभार मानले.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. मी रडून सांगितलं की बाबा एकटे राहू शकत नाहीत, एक दिवसही नाही. तो म्हणाला, "मग सेंटरला खोली सांगतो. गावचं घर ऑगस्टपासून भाड्याने द्यायचं बघतो. चालेल ना?" मी "चालेल" म्हणाले. बाबा शेजारच्या खोलीत होते. हेही मीच त्यांच्या वतीने सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी जेवणं व्हायची होती. नवरा वरून खाली आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबांना सकाळपासून लघवी होत नाहीये. पोट फुगलंय. तुला सांगू नको म्हणाले."

मलिंगारच्या इस्पितळात नेलं. नर्सने आत घेताना विचारलं, आणखी काही औषधं? मी पुन्हा म्हणाले, नाही. आता तर मला दोन औषधांची नावं पाठ होती. मी ती स्पेलिंगसकट सांगितली.

तिथे त्या दिवशी लातूरचा एक तरुण डॉक्टर ड्यूटीवर होता. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली होती आणि बाबांचं काम त्याला तेव्हाच बोलण्यात कळलं होतं. त्याने नळी घातली, बाबांना आराम पडला. मग त्याने एक स्टूल ओढलं आणि बाबांच्या उशाशी बसला. माझ्याकडे त्याची पाठ होती.

"काका, तुम्ही कंपाउंडर होतात ना?"

"चाळीस वर्षं."

"मग मी तुम्हालाच विचारतो. जवळ काय काय ठेवलंय?"

"तुमचं एमबीबीएस कुठलं?"

"औरंगाबादचं, काका."

"मंग सांगायले हरकत नाही." बाबा उशीवर जरा वर सरकले. "प्रेशरची सकाळी एक. रात्री ते नवी, डोक्याची, ही देते. आन् सर्दीची पिवळी."

"पिवळी किती?"

"गावी दोन, झोपायच्या टायमाले. हिची माय गेली तवापासून तीन. इथं ते गवत कापून राहिले तवापासून नाक लय वाहते. मंग दिवसा बी."

"दिवसा किती होतात?"

"तीन. कधी चार." मग जरा ओशाळून म्हणाले, "इसरलो की अजून एक होते."

"आहेत का आत्ता?"

"सदऱ्यात."

सदरा खुर्चीच्या पाठीवर होता. मीच खिशात हात घातला. पुडी निघाली, चार घड्या, एक टोक आत, आणि तिच्यात बारीक पिवळ्या गोळ्या. स्वस्त, जुनी, खाजेवर आणि सर्दीवर आपल्याकडे कुणीही देतं ती. झोप आणते म्हणून म्हातारी माणसं वर्षानुवर्षं घेतात ती.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. "ताई, ही यादीत नाही."

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हाच तर माझा विषय. या जातीची गोळी सर्दी थांबवते, आणि शिवाय अ‍ॅसिटिलकोलीनचा निरोप जिथे पोचायचा ती जागाच अडवून बसते. मेंदूतही आणि मूत्राशयातही. तोंड कोरडं, लघवी अडलेली, दिवसा झोप, भास, गोंधळ, सगळं पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात आहे. म्हाताऱ्या माणसाला ती देऊ नये हेही त्याच परिच्छेदात आहे. मी एका हाताने निरोप टिकवायची गोळी देत होते, आणि दुसऱ्या बाजूने तोच निरोप अडवणारी गोळी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, त्यांच्या पोटात जात होती. त्या परिच्छेदावर मी विद्यार्थ्यांना प्रश्न काढले होते.

डॉक्टर पुन्हा बाबांकडे वळला. तो बाबांना म्हणाला, "काका, पिवळी बंद करू या. नाकासाठी दुसरी देतो, झोप न आणणारी. चालेल?"

बाबा विचार करून म्हणाले, "स्टॉक वाया जाईन. पण चालन."

त्या स्टुलावर बसायला त्याला फार तर दोन मिनिटं लागली. मला त्या माणसाचे आभार मानता आले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. कारण मला राग आला होता. त्या वळवलेल्या खुर्चीवर राग, 'ग्रँड' म्हणून केलेल्या खुणेवर राग, आणि सगळ्यांत जास्त राग स्वतःवर. कारण खुर्ची डॉक्टरांनी वळवली असेल, पण तिच्यासमोर हौसेने मीच बसले होते. त्यांनी विचारलं तरी होतं. खोटं उत्तर माझं होतं.

मला स्वच्छ सांगायचं आहे की पिवळी गोळी बंद केली म्हणून आजार गेला नाही. आजार खरा होता. पण दहाबारा दिवसांत वरचा थर उतरला. आधी नळी निघाली. मग दुपारची झोप गेली. मग एका सकाळी मी चहा करत होते आणि मागून आवाज आला, "परतीचं तिकीट कवाचं हाय?"

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर बसले. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. झाडूवाला त्यांना आठवत नव्हता, म्हणून पुन्हा सांगितला. झाडूवाल्याला रजा दिली होती, चिठ्ठ्या उंबऱ्यावर राहत होत्या, पण पिवळ्या गोळीने...

"मंग मी खिडकीच लावून बसलो होतो," बाबा म्हणाले.

"हो."

"तू इचारलं नाही?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं, बाबा. तुम्ही सांगितलंही होतं. खिशाला हात लावून. मी नाही म्हणून सांगितलं."

त्यांना ते आठवत नव्हतं. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. बराच वेळ टेबलावरच्या कागदाची घडी घालत बसले. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे पोरी. ते म्हणाले, "पेशंटनं सांगितलं. कंपाउंडरनं ऐकलं नाही. अशानं माणूस मरते." आणि चहा मागितला.

त्यांनी मला माफ केलं नाही याचं मला आजही बरं वाटतं.

संध्याकाळी मी दादाला फोन लावला, बाबा सुधारलेत हे सांगितलं आणि स्पीकर चालू करून फोन बाबांसमोर ठेवला. दादा आधी माझ्याशीच बोलायला लागला. "खोली ठरली आहे. घर बघायला एक कुटुंब येऊन गेलं. आता तू पुन्हा..."

"मला नको सांगू," मी म्हणाले. "बाबांना विचार."

"अगं, त्यांना काय विचारायचं? त्यांना काही कळत नाही हे तूच रडून सांगितलंस."

"मी चुकीचं सांगितलं. विचार."

फोनवर गाड्यांचे आवाज येत राहिले. मग दादा म्हणाला, "बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

बाबांना वेळ लागला. नवऱ्याने तोंड उघडलं तर मी त्याला हाताने थांबवलं. दादा दोनदा "हॅलो" म्हणाला.

"जोवर मले समजते तोवर माह्या घरी," बाबा म्हणाले. "मंग तुमाले वाटन तिथं न्या. मी नाही म्हणणार नाही. म्हणलं तरी न्या."

"एकटे कसे राहाल, बाबा?"

"गावी इतके दिवस कोणासंगं राहत होतो?" बाबा म्हणाले. "तू बायकोले इचारून बोल, मंग मले सांग."

दादा हसला. लहानपणी मार चुकवून हसायचा तसा. त्या कुटुंबाला त्याने नकार कळवला. जुलैत मी बाबांसोबत गावी गेले. समोरच्या औषधाच्या दुकानदाराला सांगितलं की पिवळी गोळी मागितली तरी द्यायची नाही. मग बाबांचं कपाट उघडलं. त्यात पिवळ्या गोळ्यांचा हजाराचा डबा होता, निम्मा भरलेला. तो मी बाबांच्या समोर, त्यांना सांगून, त्यांचं "हो" ऐकून फेकला. सकाळ-संध्याकाळ एक बाई स्वयंपाकाला येऊ लागली. जुन्या डॉक्टरांचा मुलगा आठवड्यातून एकदा बघून जायचा. आणि बाबा आपल्या घरात, आपल्या कुलूपकिल्लीने, सव्वा वर्ष राहिले.

सव्वा वर्ष. मग एक दिवस गॅस चालू ठेवून ते बाजारात गेले आणि परतीचा रस्ता सापडला नाही, तेव्हा दादाने त्यांना सेंटरमध्ये नेलं. बाबा काही म्हणाले नाहीत. त्या सव्वा वर्षाबद्दल लोक मला सांगतात की बघ, तुझ्यामुळे मिळालं. मला राग येतो. माझ्यामुळे ते जाणार होतं. आणि मलिंगारच्या घरात ते माझ्याजवळ असतानाचे कितीतरी दिवस, जेव्हा त्यांचं डोकं अजून इतकं चांगलं होतं की त्यांनी झाडूवाल्याचा पगार विचारला होता, ते मी घालवले. हा आजार जे नेतो त्याचा राग कुणावर काढणार? पण जे मी नेलं त्याचा राग काढायला माणूस आहे.

मी अजून तेच काम करते. परिषदांना जाते. तिथे भिंतींवर सुरकुतलेल्या हातात तरुण हात असलेले फोटो असतात आणि खाली काळजीबद्दल काहीतरी हळवं लिहिलेलं असतं. त्या फोटोंत म्हाताऱ्याचं तोंड सहसा नसतं, नुसता हात असतो. गेल्या वर्षी माझ्या भाषणानंतर एकाने विचारलं, रुग्णाच्या औषधांची खरी यादी कशी मिळवायची? मी म्हणाले, रुग्णाकडे तोंड करून बसा. सभागृह हसलं. मी हसले नाही.

या वर्षीच्या फेब्रुवारीत सेंटरला गेले होते. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. हातात कागद होता, पण घड्या दोनच पडल्या होत्या. तिथली मावशी चहाचा ट्रे घेऊन आली. चांगली बाई आहे, हळू बोलणारी. तिने बाबांकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "ताई, आजोबांना साखर घालू का?"

मला उत्तर माहीत होतं. तोंडावर आलंही होतं.

"त्यांना विचारा," मी म्हणाले.

"त्यांना काय सांगता येतंय आता?"

"तरी विचारा. समोर येऊन. आणि थांबा."

मावशी ट्रे ठेवून बाबांसमोर वाकली. "आजोबा, साखर घालू?" बाबा तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी मान हलवली, अजून नाही. बाहेर कुणीतरी बादली सरकवत होतं. चहावर साय धरली. बाबांचा हात उठला, सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि तिथे थोडा वेळ राहिला. खिसा रिकामा होता.

"अर्धा," ते म्हणाले.

मावशीने अर्धा चमचा घातला.